गार पडलेलं धुरांडं

मंगळवार, ता. ४

आजपासून या वहीचा लेखनिक बदलला. आत्तापर्यंत सूनबाई लिहायची. डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आजी, दिवसभरात काय झालं ते रोज आठवायचं आणि कुणाकडून तरी लिहवून घ्यायचं, म्हणजे विसरणं वाढणार नाही. मला अक्षरओळख नाही, तेव्हा मी बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. सूनबाई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून येते, मग माझं बोलणं आखूड करते. मी दहा वाक्यं सांगितली की ती तीन लिहिते. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं.

आज नात आली. चार महिने समुद्रावर होती. तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण जन्मली तेव्हा असं ओरडली की नर्सबाईंनी कानांवर हात ठेवले. आता ती शास्त्रज्ञ आहे, म्हणून टिटवी म्हटलेलं तिला चालत नाही. लिही गं. शास्त्रज्ञ टिटवी.

म्हणाली, मी आहे तोवर मीच लिहीन. बरं झालं. हिचा हात भरभर चालतो.

वाळली आहे. दोन पेट्या आणल्यात. एक उघडून कपडे धुवायला टाकले, दुसरी पलंगाखाली सरकवली. फोन टेबलावर पालथा ठेवते. पालथा फोन जास्तच थरथरतो.

बुधवार, ता. ५

समुद्रात नक्की काय करतेस, असं आज नीट विचारलं. इतकी वर्षं मी लोकांना ‘मासे बघते’ म्हणून सांगत होते.

मासे नाहीत. तीन माणसं एका लोखंडी गोळ्यात बसतात आणि अडीच-तीन किलोमीटर खाली जातात. उतरायलाच दोन तास. तिथे ऊन पोचत नाही, जन्मात कधी पोचलेलं नाही. तळाला भेगा आहेत, त्यातून उकळत्यापेक्षा चौपट तापलेलं पाणी वर येतं, काळं, धुरासारखं. त्या पाण्यात विरघळलेले धातू गार पाण्याला लागले की थिजतात आणि थरावर थर चढून धुरांडं उभं राहतं. तीन-तीन मजली.

मी म्हटलं, “मग पाणी उकळत का नाही?”

“वरून दाब असतो ना, आजी.”

“म्हणजे झाकण घट्ट आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं. बघ, बघ. चौतीस वर्षं मी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढली, त्यातली अकरा बॉयलरवर. वाफ मला शिकवू नकोस.

त्या धुरांड्यांवर कोळंबीचे थवे असतात म्हणे, हातभर जागेत हजारोंनी. त्यांना तोंडावर डोळे नाहीत, पाठीवर आहेत. माझ्या सासूबाईंचे पण तिथेच होते. आणि एक गोगलगाय आहे, तिच्या पायाला लोखंडाचे खवले. ती खात नाही, शिकार करत नाही. आपल्या गळ्याजवळ बारीक जंतू सांभाळते, ते त्या विषारी पाण्यावर जगतात आणि तिला पोसतात. ती नुसती बसून. मी म्हटलं, आजोबांना उगीच नावं ठेवली.

टिटवी हसली. पण हसू पोचायला वेळ लागला, दोन तास उतरून आल्यासारखं.

शुक्रवार, ता. ७

विशेष काही नाही. टिटवीने नखं खाल्ली. मी वरण खाल्लं.

सोमवार, ता. १०

टिटवी बाल्कनीत दार लावून फोनवर बोलत होती. काच असली तरी कान माझे चांगले आहेत. “हो सर.” “नाही सर.” “वीसपर्यंत नाही, एकवीस म्हणाला होतात.” “मी म्हणत नाहीये की तुम्ही खोटं...” मग नुसतंच “हो सर.”

आत आली तेव्हा डोळे लाल. सूनबाईला मी म्हटलं, मला सगळं कळलंय, या सरांवर हिचा जीव जडलाय आणि तो लग्न झालेला असणार.

(आजी, असं काहीही नाही. सर एकसष्ट वर्षांचे आहेत. – लेखनिक)

काय लिहिलंस मध्येच? वाचून दाखव. बरं. एकसष्ट म्हणजे काही फार नाही.

मंगळवार, ता. ११

लग्नाचं नाही. आज सांगितलं, भाजी निवडता निवडता. मान खाली असली की माणूस बोलतो, म्हणून मीच निवडायला बसवली.

त्या धुरांड्यांत तांबं आहे, सोनंही आहे. एका कंपनीला ती खरवडून वर आणायची आहेत. कायदा असा की धुरांडं जिवंत असेल, तापलेलं असेल, तर हात लावायचा नाही. विझलेलं असेल तर चालेल. विझलंय की नाही हे ठरवायला हिच्या सरांची तुकडी नेमली. खाली जाऊन तापमान घेणारी ही. मोठ्या धुरांड्याच्या तोंडात हिने कांडी घातली तर पाणी गार. धूर नाही. नकाशावर त्या धुरांड्यासमोर ‘मृत’ असं हिनेच लिहिलं. आता शेवटचा अहवाल तयार आहे, त्यावर हिची सही हवी. एकवीस तारखेच्या आत.

“मग अडलंय कुठे?” मी विचारलं. “गार ते गार.”

ती गवारीच्या शिरा काढत राहिली.

मी आपलं सहज बोलले. आमच्याकडे कधी वाफेचा नळ गार लागला तर नवी माणसं म्हणायची, भट्टी विझली. जुनी माणसं आधी भिंतीला हात लावायची. कारण क्षार साचून नळ बुजतो, भट्टी मात्र चालूच असते. मग वाफ दुसरीकडे वाट शोधते. “तू नळाला हात लावलास,” मी म्हटलं, “भिंतीला लावलास का?”

तिच्या हातातली गवार तशीच राहिली. मग उठून गेली. निम्मी भाजी मीच निवडली. वाक्य लिहून झालं का? मग थांबलीस कशाला, लिही पुढे. दमली असेल. आज इतकंच.

शुक्रवार, ता. १४

सूनबाईचं आणि टिटवीचं वाजलं. सूनबाई डब्याचं झाकण लावत म्हणाली, “सरांनी तुला शिकवलं, तुझे बाबा गेल्यावर फी माफ करून घेतली, पहिल्या बोटीवर पाठवलं. त्यांना आता तोंडघशी पाडणार का?”

“मी अजून काही केलेलं नाहीये, आई.”

“तेच म्हणते मी. काही करू नकोस. सही कर आणि जेव.”

“जेवणाचा काय संबंध?”

“गेले दहा दिवस तू जेवत नाहीयेस हा संबंध!”

दोघींचा आवाज एकसारखाच आहे. मुलगा मध्ये असता तर दोघींना गप्प केलं असतं आणि स्वतः ओरडला असता.

शनिवार, ता. १५

सूनबाई दुकानात गेल्यावर टिटवीने पलंगाखालची पेटी काढली. आत एक काळी डबी. ती लॅपटॉपला लावली आणि म्हणाली, “आजी, काही बोलू नकोस, नुसतं बघ.”

अंधार. मग उजेडाचा एक गोल, त्यात ते धुरांडं. वाळवीच्या वारुळासारखं, पण उंच. गार, मुकं. गोळा बाजूने सरकत गेला. पायथ्याला कातळाची भिंत, तिच्यावर काहीतरी पांढुरकं हलतंय. कोळंब्या. एकीवर एक, नुसती वळवळ. आणि भिंतीपुढचं पाणी थरथरत होतं. भट्टीच्या दारासमोर हवा थरथरते ना, पलीकडचा माणूस वाकडा दिसतो, तसं. सहा-सात श्वास. मग गोळा वळला आणि वर निघाला.

“ही भट्टी चालू आहे,” मी म्हटलं.

“हो.”

“कुणी कुणी बघितलं?”

“हा माझ्या खिडकीचा कॅमेरा होता. बाकी दोघांच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला.” मग म्हणाली, “शेवटचा दिवस होता, आजी. नकाशा झाला होता, सरांना कळवून झालं होतं. मी ते बघितलं आणि चालवणाऱ्याला म्हटलं, चला वर.”

तेव्हा मी जे बोलले तेही लिही. डॉक्टरांनी सगळं लिहा म्हटलंय. मी म्हटलं, “यात काय एवढं? दिसलं नाही म्हणून सांग. तीन किलोमीटर खाली, काळोखात, एवढीशी खिडकी. तुला दिसलं नाही. कोण काय म्हणणार?”

टिटवी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लहानपणी हिच्या देखत मी एकदा दुकानदाराला फाटकी नोट खपवली होती, तेव्हा अशीच बघत होती.

सोमवार, ता. १७

जेवले नाही. डॉक्टर विचारतील म्हणून लिहून ठेव. पोटाचं काही नाही.

टिटवीने विचारलं, आजी, तू अक्षरं का शिकली नाहीस गं? मी नेहमीसारखं सांगितलं. मुलाने शिकवायला घेतलं तेव्हा पाटी फुटली, सूनबाईने घेतलं तेव्हा चष्मा हरवला, आणि तू नऊ वर्षांची मास्तरीण झालीस तेव्हा तूच छड्या मारायला लागलीस. ती हसली नाही. मीही उगाच हसले.

मंगळवार, ता. १८

आज टिटवीला म्हटलं, दार लाव आणि मी सांगेन तसं लिही. मध्ये बोलायचं नाही. रडायचं असेल तर कागदाच्या बाजूला.

आमच्या बॉयलरखान्यात एक नोंदवही होती. दर आठवड्याला मिस्त्रीने सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडून बघायचा, नळाचे सांधे बघायचे, आणि पाळीवरच्या माणसाने त्याखाली अंगठा द्यायचा, की हो, माझ्यासमोर झालं. मिस्त्री तीन आठवडे आला नव्हता. मुकादम वही घेऊन आला, म्हणाला, “अंगठा उठव, उद्या परवा बघून घेऊ. वरून तपासणी आहे.”

मोठा नळ त्या दिवशी गार होता. मी भिंतीला हात लावला होता. भिंत इतकी तापली होती की हात मागे घ्यावा लागला.

मी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीतला सांधा फुटला. तिथे हसरी होती, चादरींची गाडी घेऊन. माझ्याच पाळीची, रात्रपाळीला माझ्या शेजारच्या खाटेवर पाच वर्षं झोपलेली. सारखी दात काढायची म्हणून हसरी. तिचा उजवा हात आणि मानेपर्यंतची बाजू भाजली.

चौकशी झाली. वहीत सगळं तपासल्याचं होतं. मग दोष कुणाचा, तर हसरीने गाडी नळावर आपटली असणार. मला बोलावलं. साहेबांनी वही पुढे धरली, “बाई, हा तुमचा अंगठा ना? तुमच्यासमोर तपासणी झाली होती?” मी म्हटलं, “मला वाचता येत नाही, साहेब. अंगठा कशाखाली आहे मला काय ठाऊक.”

त्यांनी मान हलवली. बिचारी अडाणी बाई. मला चहा दिला. हसरीला काढून टाकलं.

आता पाटीचं सांगते. पाटी फुटली नव्हती, मी फोडली. चष्मा हरवला नव्हता, पिठाच्या डब्यात घातला होता. अक्षर आलं असतं तर ती सबब गेली असती. मागे वळून म्हणता आलं नसतं की मला काय ठाऊक. चव्वेचाळीस वर्षं मी अडाणी राहिले, टिटवे, ते आळसाने नाही. सांभाळून राहिले.

आणि शनिवारी तीच सबब तुला दिली. घरातली जुनी वस्तू द्यावी तशी.

वाच आता. सगळं वाच. परत वाच, हळू. हं. ‘माझ्यासमोर झालं’ तिथे परत. बरोबर आहे. आता सूनबाईच्या टेबलावरची शाईची डबी आण.

हा माझा अंगठा. कशाखाली आहे ते मला ठाऊक आहे.

शुक्रवार, ता. २१

टिटवीने सकाळी दहाला पाठवलं. त्याआधी मला वाचून दाखवलं, आपल्या भाषेत करून. थोडक्यात असं: मोठ्या धुरांड्याचं तोंड बुजलेलं आहे, पण पायथ्याच्या भिंतीतून गरम पाणी वाहतंय आणि तिथे प्राणी आहेत. चित्रफीत सोबत जोडली आहे. ‘मृत’ ही नोंद माझी होती आणि ती चुकीची आहे.

मी म्हटलं, “आणि?”

“आणि काय?”

“असं वाटतं की तुला हे आत्ता घरी बसून कळलं.”

तिने लॅपटॉप परत पुढे ओढला. मग एक ओळ वाढवली. वाचली. ‘शेवटच्या फेरीत मला हे दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही.’

मग बोट दाबलं. एवढंच असतं. आमच्या वेळी निदान शाई तरी लागायची.

सूनबाईला संध्याकाळी कळलं. तिने ताटं घेतली. टिटवीच्या ताटात दोनदा भात वाढला, आणि टिटवीने दोन्ही वेळा खाल्ला.

मंगळवार, ता. २५

सरांचा फोन आला. या वेळी बाल्कनीत गेली नाही, आमच्यासमोर बोलली. ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं होतं. ते म्हणाले, तू मला आधी सांगायला हवं होतंस. टिटवी म्हणाली, हो सर, बोटीवरच सांगायला हवं होतं.

तिला तुकडीतून काढलंय. अहवाल थांबलाय, पुन्हा कुणीतरी खाली जाऊन बघेल, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि तो जो कोणी असेल त्याला भिंत दिसेल की नाही, कोण सांगणार. सूनबाईने विचारलं, आता पुढे काय करणार? टिटवी म्हणाली, माहीत नाही. खरंच माहीत नसावं, चेहऱ्यावर काही नव्हतं. रात्रभर तिच्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज येत होता. मी जागीच होते, म्हणून सांगते.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटतं. लोक असं का सांगतात कोण जाणे.

गुरुवार, ता. २७

धुलाईघरातल्या जुन्या हजेरीवालीला टिटवीने फोन लावून दिला. हसरी आहे. लेकीकडे असते, दोन बस बदलून जावं लागतं.

मी म्हटलं, पाय दुखतोय, पुढच्या महिन्यात बघू. टिटवी म्हणाली, एकवीस तारीख असती तर?

आगाऊ आहे.

रविवार, ता. ३०

तिसरा मजला. जिन्यात दोनदा बसले. दुसऱ्यांदा दमून नाही.

लेकीने दार उघडलं. हसरी खिडकीशी खुर्चीत, केस कापलेले, उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. मला ओळखलं लगेच. म्हणाली, “तू? अजून आहेस?”

“तुझ्याआधी जाणार नाही म्हटलं होतं ना.”

“वजन वाढवलंस.”

“तुझ्या वाटचं पण खाल्लं.” हे तोंडून गेलं आणि मला पुढे काही सुचेना. नेहमी सुचतं.

टिटवीला म्हटलं, वाच. तिने अठरा तारखेचं पान काढलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं. हसरी खिडकीबाहेर बघत होती.

वाचून संपलं. मग हसरी म्हणाली, “तू भिंतीला हात लावलास आणि एप्रनला पुसलास. मी गाडीचं चाक सोडवत होते. मला दिसलं.”

मला वाटलं, कान गेले माझे.

“मग चौकशीत का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तू सांगशील.” हसरीचा आवाज चढला नाही. “तुझ्यानंतर माझी पाळी होती. मी बाहेर बाकावर बसले होते, हाताला पट्ट्या. दार उघडं होतं. तू आत काय सांगितलंस ते ऐकलं. मग मला बोलावलं, तर मला बोलताच येईना.”

लेकीने पाणी आणलं. कुणी प्यायलं नाही. मी माफ कर म्हटलं की नाही, आठवत नाही. टिटवी म्हणते, म्हटलंस, दोनदा. तिने लिहिलंय म्हणजे म्हटलं असेन.

हसरीने डाव्या हाताने वही ओढली. तिलाही वाचता येत नाही. पानावरून बोट फिरवत खाली आली आणि शाईच्या डागावर थांबली.

“हा तुझा?”

“हो.”

“या वेळी ऐकून दिलास?”

“दोनदा.”

तिने वही टिटवीकडे परत दिली. हसली नाही. मी मनातल्या मनात वाट बघत होते, पण हसली नाही.

“परत वाच गं पोरी,” ती म्हणाली. “सुरुवातीपासून. आणि तू खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

टिटवीने परत वाचलं.